हायड्रोजन आयनांची संहती काढताना: नवशिक्यांसाठी अनुभवाचे काही बोल

पदवीच्या पहिल्या वर्षी मला एक प्रश्न आला होता: हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०^−८ मोलर (म्हणजे एका लिटरमध्ये १०^−८ मोल, ही त्याची संहती) द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, किती? सामू म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा ऋण लघुगणक, या सूत्रात मी किंमत घातली आणि आठ असे उत्तर लिहून मोकळी झाले. सामू आठ म्हणजे अल्कधर्मी द्रावण, आणि आम्ल पाण्यात कितीही विरळ केले तरी ते अल्कधर्मी होणे शक्य नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही. तेव्हा गेलेल्या त्या एका गुणापेक्षा त्यातून लागलेली सवय मला मोलाची वाटते: सूत्राला हात लावण्याआधी, या द्रावणात हायड्रोजन आयन कुठून कुठून येत आहेत, हे आधी लिहून काढायचे.

त्या प्रश्नात आयनांचे स्रोत दोन होते, आम्ल आणि खुद्द पाणी. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला १०^−७ मोलर हायड्रोजन आयन असतातच. मात्र दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज करूनही चालत नाही, कारण आम्लाचे आयन आल्यावर पाण्याचे विचरण, म्हणजे रेणूंचे आयनांत फुटणे, थोडे मागे रेटले जाते. म्हणून पाण्यातून येणारी संहती क्ष धरावी आणि, हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींचा गुणाकार १०^−१४ असतो म्हणून, क्ष × (क्ष + १०^−८) = १०^−१४ हे वर्गसमीकरण सोडवावे. एकूण हायड्रोजन आयन १.०५ × १०^−७ मोलर येतात आणि सामू ६.९८. आम्लाची संहती १०^−६ मोलरच्या वर असेल, तर पाण्याचा हा वाटा खुशाल सोडून द्यावा.

लघुगणकाची धास्ती अनेकांना असते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये सामूची कल्पना मांडली ती शून्यांच्या लांबलचक माळा लिहाव्या लागू नयेत म्हणून, तेव्हा ती सोय आहे असेच समजून तिच्याकडे पाहावे. सामू ४.७ दिला असेल तर −४.७ ची फोड −५ + ०.३ अशी करावी. २ चा लघुगणक ०.३०१ असल्यामुळे संहती २ × १०^−५ मोलर हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता येते. २, ३ आणि ७ यांचे लघुगणक तोंडपाठ असले की बाकीचे बरेचसे त्यांतून निघते. सामूंची सरासरी मात्र कधीही काढू नये. सामू २ आणि सामू ४ असलेली तीव्र आम्लाची द्रावणे समान आकारमानात मिसळली, तर मिश्रणाचा सामू ३ येत नाही; संहतींची सरासरी ०.००५०५ मोलर येते आणि सामू २.३० होतो.

सौम्य आम्लात, म्हणजे पाण्यात अंशतःच फुटणाऱ्या आम्लात, खरी परीक्षा असते ती गृहीतक केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे याची. ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक, म्हणजे ते किती फुटते हे सांगणारा आकडा, १.८ × १०^−५ आहे. ०.१ मोलर द्रावणात वर्गमुळाच्या सोप्या सूत्राने (स्थिरांक आणि मूळ संहती यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) संहती १.३४ × १०^−३ मोलर येते, म्हणजे जेमतेम १.३ टक्के आम्लाचे विचरण झालेले असते, आणि मूळ संहती जवळपास तशीच राहिली हे गृहीतक टिकते. तेच द्रावण ०.०००१ मोलर केले की सोपे सूत्र ४२ टक्के विचरण दाखवते. इतके आम्ल खर्ची पडत असताना ‘मूळ संहती तशीच राहिली’ असे म्हणायला आधार उरत नाही. वर्गसमीकरण पूर्ण सोडवल्यावर संहती ३.४ × १०^−५ मोलर मिळते. विचरण पाच टक्क्यांच्या आत आहे का, हे उत्तर आल्यावर तपासायला मी अजूनही चुकत नाही.

सल्फ्युरिक आम्लात घाई विशेष नडते. दोन हायड्रोजन आहेत म्हणून संहती दुप्पट करण्याचा मोह होतो, पण दुसरा हायड्रोजन सुटण्याच्या टप्प्याचा स्थिरांक केवळ ०.०१२ च्या आसपास आहे; त्यामुळे ०.०१ मोलर द्रावणात ०.०२ नव्हे, तर सुमारे ०.०१४५ मोलर हायड्रोजन आयन असतात.

पुढे प्रयोगशाळेत काम करू लागल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे ०.१ मोलर द्रावण मी सामू मोजणाऱ्या मीटरवर तपासले, तेव्हा १.०० ऐवजी १.१० च्या जवळचा आकडा आला. सामू ठाऊक असलेल्या बफर द्रावणांनी मीटर पुन्हा जुळवला, आम्लाचे द्रावण दोनदा नव्याने केले, तरी आकडा हलला नाही. मीटरचा इलेक्ट्रोड संहती नव्हे, तर आयनांची सक्रियता मोजतो, हे मला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समजावले. इतक्या संहत द्रावणात आयनांभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा वेढा पडतो, त्यामुळे ते जणू ०.०८ मोलर असल्यासारखे वागतात, आणि ०.०८ चा सामू काढला की बरोबर १.१० येतो.