सुती साडीला घरी खळ कशी द्यावी

साडी धुतलेली आहे आणि साबण पुरता निघालाय, हे मी धरून चालते. कडक ऊन असेल त्याच दिवशी हे काम काढा. आभाळ आलं असेल तर बेत रद्द. खळीची साडी दिवसभर ओलसर राहिली की आंबूस वास धरते, मग वर कितीही इस्त्री फिरवा.

खळ साबुदाण्याची, तवकिलीची, कॉर्नफ्लोअरची किंवा भाताच्या पेजेची, कशाचीही चालते. मी साबुदाण्याची करते. ती आरपार दिसणारी होते, त्यामुळे गडद रंगावर उठून दिसत नाही. मैदा पांढऱ्या कपड्यांपुरताच ठेवा. पेज हवी तर बिनमिठाचा भात मुद्दाम पातेल्यात लावावा लागतो, कुकरमध्ये पेज कुठली निघायला!

लाकडाला लावतात तो पांढरा डिंक पाण्यात कालवून साडीला लावायचा सल्ला हल्ली फार फिरतो. नका लावू. डिंक धाग्यात बसला की धुऊन पुरता निघत नाही. खळ निघते, आणि तिचा अर्धा फायदा त्यातच आहे. मळ धाग्यापर्यंत न पोचता खळीवर बसतो आणि पुढच्या धुण्यात तिच्याबरोबर जातो.

आता खरी मेख: खळ शिजवणं आणि पातळ करणं. लग्नानंतर पहिल्यांदा मी काळ्या नारायणपेठला खळ दिली ती घट्ट, गरमागरम आणि कोरड्या साडीवर थेट ओतून. साडी वाळली तेव्हा तिच्यावर चुन्याचे ओघळ आल्यासारखे पांढरे पट्टे होते, आणि घड्या एकमेकींना अशा चिकटलेल्या की लाटलेले पापड सोडवावेत तशा एकेक सोडवाव्या लागल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बादली भरून गरम पाणी आणून ठेवलं.

तेव्हा चुकले काय ते नंतर कळलं. स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तळाशी बसतात. पाणी साधारण ६०-७० अंशांच्या पुढे गेलं की ते फुगतात, फुटतात आणि मग चिकटपणा येतो. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजतो, आत पाणी शिरत नाही आणि पोटात कोरडं पीठ असलेली गुठळी तयार होते. ती कितीही घोटा, मोडत नाही. म्हणून कुठलंही पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. याला सूट नाही.

एका सहावारी साडीला दोन मोठे चमचे साबुदाणा मिक्सरमधून भरड काढा आणि वाटीभर गार पाण्यात तासभर भिजवा. लिटरभर पाणी उकळलं की आच मंद करून ते मिश्रण बारीक धारेनं सोडा, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. पांढरा कण दिसेनासा झाला की खळ झाली. मग ती फडक्यातून गाळा. चहाच्या गाळणीतून नाही, बारीक गोळ्या तिच्यातून निसटतात आणि नेमक्या पदरावर जाऊन बसतात.

गाळलेली खळ बादलीत आणखी तीनेक लिटर पाण्यात मिसळा. बादलीतली खळ पातळ ताकासारखी दिसायला हवी, कढीसारखी नाही. बघून नेहमी वाटतं की एवढ्या पाण्यानं काय कडक होणार! तिथेच माणूस फसतो आणि खळ वाढवतो. अंदाज येत नसेल तर एक जुना सुती रुमाल बुडवा, पिळा, इस्त्री करा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं. कमी पडली तर परत देता येते, जास्त झाली तर साडी पुन्हा धुवायची.

साडी ओली करून, पाणी निथळू देऊन मगच कोमट खळीत घाला. कोरडं कापड जिथं आधी बुडतं तिथं जास्त खळ पिऊन घेतं, डाग पडतात ते त्यामुळेच. दोन-तीन मिनिटं दाबत, उलटसुलट करत राहा, मग पीळ न देता दाबून पाणी काढा. पारंपरिक इरकलीचा पदर रेशमी असतो, तो बादलीबाहेरच ठेवायचा.

वाळत घालताना साडी पूर्ण उलगडा, उलटी बाजू उन्हाला. दांडीवर दुहेरी घातली तर आतली बाजू चिकटते. पाच-दहा मिनिटांनी काठ हातानं ओढून सरळ करा. घरात कोणी मोकळं असेल तर दोघींनी दोन टोकं धरून ताणा आणि झटका. हे केलंत तर इस्त्रीचं अर्धं काम वाचतं.

थोडी दमट असतानाच इस्त्री. पार वाळली असेल तर पाणी शिंपडून अर्धा तास गुंडाळून ठेवा.

पावसाळ्यात कपाटात ठेवायच्या साड्यांची खळ मात्र धुऊन काढा. खळीवर बुरशी धरते, कसरीलाही ती आवडते, आणि कडक घडी महिनोन्‌महिने तशीच राहिली की कापड नेमकं घडीवर विरतं. माझी एक धारवाडी अशीच गेली, आता तिची उशीची खोळ आहे.