कॉम्प्युटरवर डिक्शनरी नीट कशी बसवायची (आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा)

दोन-तीन वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्यासाठी मी इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करून दिलं. त्यात कॉर्डन हा शब्द दहा ठिकाणी होता, मी आपला डिक्शनरीत बघितला, अर्थ आला वेढा, घेरा, आणि मी बिनधास्त 'वेलीच्या वेढ्यावरील फुटवे' वगैरे लिहून पाठवून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन, हसू आवरत नव्हतं, "भाऊ, पोलिसांनी बाग घेरली का काय?" द्राक्षात कॉर्डन म्हणजे ओलांडा, तारेवर आडवी नेलेली वेलीची फांदी. निफाड-दिंडोरीकडचं शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल, पण माझ्या लॅपटॉपवर तेव्हा सहा डिक्शनऱ्या होत्या आणि सहाच्या सहा पोलिसांच्या बाजूने.

तेव्हापासून मी हा सगळा सेटअप पहिल्यापासून मांडला. भाषांतराचं काम करणारे, स्पर्धा परीक्षावाले, मुक्त विद्यापीठातून घरी बसून शिकणारे असे बरेच जण विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर टाकू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सॉफ्टवेअर वेगळं आणि कोश वेगळा. सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं कपाट. आत पुस्तकं कुठली ठेवता त्यावर सगळं. लोक कपाटाचा रंग बघून डाऊनलोड करतात आणि मग म्हणतात की अर्थच मिळत नाही. नेटवर इंग्लिश टू मराठी अशा नावाची जी फुकट सॉफ्टवेअरं दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांत आत कुठला कोश आहे, कोणी केला, कोणत्या साली, काही लिहिलेलं नसतं. उघडून बघावं तर निम्मे अर्थ मशीनने केलेले आणि मधेच हिंदी घुसलेलं. कोशाचं नाव सांगत नाही ते सॉफ्टवेअर मी ठेवतच नाही. आणि इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट मारत सुटू नका, ब्राउझरमधे कसले कसले टूलबार येऊन बसतात ते काढताना जीव जातो.

सीडीवाल्या डिक्शनरीचा पण एक अनुभव सांगतो. कॉलेजात असताना चांगले पैसे मोजून जाड इंग्रजी डिक्शनरी घेतली, सोबत सीडी, उच्चार वगैरे मस्त ऐकू यायचे. विंडोज बदललं आणि ती सीडी चालेना, प्रकाशकाला मेल टाकला त्याला उत्तर नाही, आता तर लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही. पुस्तक मात्र अजून टेबलावर आहे, वरच्या कपाचे डाग सोडले तर एकदम ठणठणीत. तर एका कंपनीच्या एकाच प्रोग्राममधे अडकलेला कोश घेताना दहादा विचार करा.

मी वापरतो ते गोल्डनडिक्ट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोजवर पण चालतं आणि लिनक्सवर पण. मूळ गोल्डनडिक्टचं काम बरंच थंडावलंय, त्यामुळे गोल्डनडिक्ट-एनजी नावाची त्याची पुढची आवृत्ती घ्या. याचा मोठा फायदा म्हणजे हे बऱ्याच जातींचे कोश वाचतं, स्टारडिक्टचे, बॅबिलॉनचे, लिंग्वोचे. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी कोशाच्या फाईली तुमच्याकडे राहतात, दुसऱ्या कपाटात लावता येतात.

बसवायचं असं. डी ड्राइव्हवर कोश नावाचं फोल्डर करा (सी वर नको, विंडोज मारताना उडतं, माझं उडालंय). डाऊनलोड केलेल्या डिक्शनऱ्या तिथे एकेका फोल्डरमधे ठेवा. स्टारडिक्टचा कोश म्हणजे एक फाईल नसते, आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट अशा तीन तरी असतात, त्या एकत्रच पाहिजेत, एक जरी हलवली तरी कोश दिसत नाही आणि मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात. मग गोल्डनडिक्ट उघडून एफ३ दाबा, सोर्सेसमधे फाईल्सच्या टॅबवर ते फोल्डर ॲड करा, रिकर्सिव्हची खूण करा म्हणजे आतली फोल्डरंही बघतं, आणि रीस्कॅन. पहिल्यांदा वेळ लागतो कारण ते सगळ्या शब्दांची अनुक्रमणिका बनवत असतं, मधेच बंद करू नका, चहा टाका.

त्यानंतर ग्रुप्स. हे नव्याण्णव टक्के लोक करत नाहीत. वीस डिक्शनऱ्या एकाच ग्रुपमधे टाकल्या की साधा रन शब्द शोधला तरी अर्थांचा असा पूर येतो की आमच्या नाशिकच्या गंगेला (म्हणजे गोदावरीला) आला तर काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी जाईल. मी तीन ग्रुप केलेत, इंग्रजी ते मराठी, मराठी ते इंग्रजी आणि इंग्रजी ते इंग्रजी. तीन पुरे.

आता सगळ्यात आवडती सोय, पॉपअप. एफ४ दाबून प्रेफरन्सेसमधे हॉटकीज बघा. कुठलाही शब्द सिलेक्ट करायचा, कंट्रोल दाबून ठेवायचा आणि सी दोनदा, तिथल्या तिथे छोटी खिडकी उघडून अर्थ येतो. वर्डमधे, ब्राउझरमधे, पीडीएफमधे, सगळीकडे. आणि नेट लागत नाही, लाईट गेली की वायफाय जातं पण डिक्शनरी चालूच. एक्सेलमधे घाईत दोनदा सी दाबायची सवय असेल तर मात्र ही खिडकी डोकं उठवते, तेव्हा बंद करून ठेवा. स्कॅन केलेल्या पीडीएफमधे हे चालत नाही कारण तिथे अक्षरं नसतात, फोटो असतो. आणि जुन्या फॉन्टातली मराठी, म्हणजे कृतीदेव, श्रीलिपी वगैरेतलं टायपिंग, तिथून कॉपी केलं की भलतीच चिन्हं येतात. तो दोष डिक्शनरीचा नाही, आधी युनिकोडमधे बदलून घ्या मग शोधा.

इंग्रजी ते इंग्रजीसाठी वर्डनेट टाका. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा आहे, फुकट आहे, दीड लाखाच्या वर शब्द, आणि समानार्थी शब्दांसाठी फार छान. पण त्यात फक्त नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण एवढंच आहे. शब्दयोगी अव्ययं, सर्वनामं नाहीत. म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या पोराला जिथे अडतं, ऑफ का फ्रॉम, नेमकं तिथे वर्डनेट गप्प. मुलांसाठी एखादा लर्नर्स कोश पाहिजेच. वर्डवेब नावाचं विंडोजचं सॉफ्टवेअर पण वर्डनेटवरच उभं आहे, त्याच्या फुकट लायसन्सची गंमत अशी की वर्षात ठरावीक पेक्षा जास्त विमानप्रवास करणाऱ्याने ते विकत घ्यायचं. पर्यावरणासाठी. आपला प्रवास नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पिंपळगावपर्यंत एसटीने, त्यामुळे आपण पात्र.

मराठीची खरी मारामारी इथून पुढे.

मराठी शब्द वाक्यात जसा असतो तसा कोशात नसतो. 'घोड्यावरून' सिलेक्ट करून शोधलं तर काही येणार नाही, कोशात घोडा आहे. इंग्रजीत हंस्पेल या स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाईली जोडल्या की गोल्डनडिक्ट मूळ शब्द बऱ्यापैकी ओळखतं, मराठीत सामान्यरूप, वर प्रत्यय, त्यावर शब्दयोगी, त्यावर 'सुद्धा' चिकटलेलं, इतके थर सोलणं त्याला झेपत नाही. तेव्हा ते आपण करायचं. मूळ रूप आठवत नसेल तर पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून बाजूच्या यादीत बघा, किंवा तारा वापरा, घो* असं टाकलं की घो ने सुरू होणारे सगळे शब्द येतात. यादी चाळताना शेजारचे शब्द पण दिसतात, सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसून जाडजूड कोश चाळायची जी मजा होती तिच्यातली थोडी परत मिळते.

दुसरं, दिसायला सारखं पण आतून वेगळं. दऱ्या मधला ऱ इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे ने येतो, पण बरेच जण र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून तसाच आकार काढतात. डोळ्याला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तसंच ॲ चं. स्वतंत्र ॲ युनिकोडमधे २००८ साली आला, त्याआधी लोक अ वर चंद्र चिकटवून भागवायचे, काही जण हिंदीतला ऍ टाकायचे, अजूनही टाकतात. ॲसिड सापडलं नाही तर कोशात नाही असं लगेच म्हणू नका, दुसऱ्या पद्धतीने टाइप करून बघा.

तिसरं म्हणजे जुने कोश. मराठी ते इंग्रजीत अजून मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही. पहिली आवृत्ती १८३१, आपण वापरतो ती दुसरी १८५७ ची. शेतीचे, अवजारांचे, स्वयंपाकघरातले, भांडणातले, म्हणी, काय नाही त्यात. पण १८५७ चं शुद्धलेखन आपलं नाही. तेव्हा नांव, पांच, कांहीं असं अनुस्वार देऊन लिहायचे आणि कवि, मति, गुरु हे शेवटी ऱ्हस्व. न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी रजा दिली, पण कोशातली अक्षरं तशीच आहेत. त्यामुळे 'कवी' सापडला नाही की 'कवि' टाकायचा, 'नाव' नाही मिळालं की 'नांव'. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला, तो मराठीतून मराठीत अर्थ देतो, त्याचंही असंच. आणि मोल्सवर्थमधली काही इंग्रजी इतकी जुनी आहे की अर्थाचा अर्थ बघायला वर्डनेट उघडावं लागतं. गंमत वाटते पण भाषांतरात ती इंग्रजी जशीच्या तशी उचलू नका, क्लायंट विचारेल तुम्ही कंपनी सरकारात होता का.

हे दोन्ही कोश शिकागो युनिव्हर्सिटीच्या दक्षिण आशिया डिजिटल लायब्ररीच्या साईटवर फुकट बघता येतात. गोल्डनडिक्टमधे ते जोडता पण येतात. साईटवर एखादा शब्द शोधा, वरचा पत्ता कॉपी करा, एफ३ मधे वेबसाईट्सच्या टॅबमधे पेस्ट करा आणि पत्त्यात जिथे तुमचा शब्द दिसतो तिथे जीडीवर्ड हे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन टाका. झालं. याला नेट लागतं, आणि साईटवाल्यांनी पत्त्याची रचना बदलली की पुन्हा जोडावं लागतं.

सरकारी शब्द हवे असतील तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाईन आहेत. परिपत्रक, अर्ज, कोर्टाचं काम असेल तर तेच वापरा, तिथे स्वतःची अक्कल चालवू नका. पण बागेत उभं राहून ते शब्द वापरले तर माणसं तुमच्याकडे बघत राहतात.

म्हणून शेवटी मी स्वतःचा कोश केला, आणि खरं सांगतो बाकी सगळ्यापेक्षा हाच जास्त उपयोगी पडला. करायला अगदी सोपा. नोटपॅड उघडा. पहिल्या तीन ओळी हॅशने सुरू करून नेम, इंडेक्स लँग्वेज आणि कंटेंट्स लँग्वेज, इंग्रजी कॅपिटलमधे, दोन शब्दांच्या मधे अंडरस्कोर, आणि प्रत्येकीपुढे अवतरणचिन्हात तुमची माहिती. मग एक ओळ मोकळी. मग शब्द, एकदम डावीकडून. खालच्या ओळीत टॅब मारून अर्थ. पुन्हा शब्द, पुन्हा टॅब मारून अर्थ. चौकोनी कंस वापरू नका, त्याला तिथे वेगळा अर्थ आहे. सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट डीएसएल आणि खाली एनकोडिंगमधे यूटीएफ-१६ एलई निवडा, कोश फोल्डरमधे टाका, रीस्कॅन करा. माझ्याकडे एनकोडिंग चुकल्यामुळे पहिल्या दिवशी सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन आली होती, दोन तास गेले.

माझ्या फाईलमधे कॉर्डन म्हणजे ओलांडा, केन म्हणजे काडी, बड म्हणजे डोळा, बेरी म्हणजे मणी (बोर नव्हे!), बंच म्हणजे घड, पावडरी मिल्ड्यू म्हणजे भुरी. व्हेरेजन हा फ्रेंचातून आलेला शब्द, बऱ्याच डिक्शनऱ्यांत नाहीच, असला तर फळाचा रंग पालटण्याची सुरुवात असं काहीतरी. आमच्याकडे म्हणतात मण्यात पाणी उतरलं. एवढं नेमकं आणि एवढं सुंदर मला कुठल्या कोशात मिळालं असतं? अर्थाखाली मी कोणत्या गावी ऐकला तेही लिहितो कारण तालुका बदलला की शब्द बदलतो. तुमचं काम अंबडच्या कारखान्यातलं असेल तर तुमची फाईल वेगळी होईल, दवाखान्यातलं असेल तर वेगळी. दर महिन्याला पेन ड्राइव्हवर कॉपी काढून ठेवा, ही फाईल पुन्हा डाऊनलोड करता येत नाही.

परवा ऑक्टोबर छाटणीच्या कामाचं नवीन पत्रक आलंय, त्यात घड तयार होऊन मग त्याची बाळी (वेलीचा तणावा) होते त्याला एक इंग्रजी शब्द आहे, डिक्शनरीत बघितला तर शिवणकामातला दोरा आला. पिंपळगावला फोन लावला. ते म्हणाले, "घड जिरला म्हणा की." टॅब मारून लिहून घेतलं.