ऑस्टिनच्या रस्त्याकडेचे बार्बेक्यू आणि टाको: या चुका टाळा

टेक्सासमधील ऑस्टिन शहरात आणि आसपासच्या लॉकहार्ट, टेलर, एल्गिन या गावांत रस्त्याकडेला उभे असलेले ट्रेलर आणि धुराने काळवंडलेल्या भिंतींची जुनी दुकाने पाहिली, की नवख्या माणसाला वाटते, भूक लागली की गाडी थांबवावी आणि हवे ते मागवावे. राउंड रॉक, सीडर पार्क या भागांत राहणारी मराठी मंडळी पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सुटीच्या दिवशी हौसेने इकडे घेऊन येतात, आणि पाहुण्यांची फजिती बहुधा ठरावीक जागीच होते. पदार्थांची यादी फळ्यावर लिहिलेली असली तरी येथील वेळापत्रक भट्टी ठरवते, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे बरेचसे घोळ होतात.

उशिरा पोहोचणे

मध्य टेक्सासच्या बार्बेक्यूचा मुख्य पदार्थ म्हणजे ब्रिस्केट, अर्थात गाईबैलाच्या छातीचा पाच-सहा किलोंचा अखंड तुकडा. तो पोस्ट ओक जातीच्या लाकडाच्या धुरावर, साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअस तापमानाला, बारा तास किंवा त्याहून अधिक काळ शिजतो. आज अकरा वाजता जे विक्रीला येते ते काल भट्टीत गेलेले असते, आणि ते संपले की आणखी चार प्लेट करून देण्याची सोयच नसते. मी पहिल्यांदा लॉकहार्टला गेलो तेव्हा पोहोचायला दुपारचे तीन वाजले होते. ज्या दुकानात शिरलो तेथील फळ्यावरची एकेक ओळ खडूने खोडलेली होती आणि उरले होते फक्त सॉसेज, पांढरा पाव आणि कच्चा कांदा. दोष दुकानाचा नव्हता, दुपारच्या जेवणाची वेळ आपल्या सवयीने ठरवणाऱ्या माझाच होता.

उपाय सोपा आहे: दुकान उघडण्याच्या निदान अर्धा तास आधी रांगेत उभे राहावे आणि सोमवार-मंगळवारी जायचे असल्यास दुकान उघडे आहे ना, हे आधी पाहावे. 2009 मध्ये ट्रेलरमधून सुरू झालेल्या फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर मात्र अर्ध्या तासाने काहीच साधत नाही, कारण तेथे लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. तेवढा वेळ नसेल तर हट्ट धरू नये. 2024 मध्ये टेक्सासचे पहिले मिशेलिन मार्गदर्शक, म्हणजे उत्तम उपाहारगृहांना तारे देणारी पुस्तिका, निघाले, तेव्हा ऑस्टिनमधील इंटरस्टेलर, ला बार्बेक्यू आणि लिरॉय अँड लुईस या तीन बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा मिळाला होता, तेव्हा चांगल्या ब्रिस्केटसाठी एकच दार ठोठावण्याचे कारण नाही.

प्लेटच्या हिशेबाने मागवणे

मांस येथे वजनावर विकले जाते. एक पाउंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, आणि ब्रिस्केटचा भाव पाउंडाला 30 डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. ‘चौघांना चार पाउंड’ असे सहज म्हणून गेलेल्या गृहस्थांचा बिल पाहून उतरलेला चेहरा मी पाहिला आहे. बाकीचे पदार्थ सोबत असतील तर माणशी पाव ते अर्धा पाउंड मांस पुरते. कापणारा ठोकळ्यापाशी उभा असतो आणि ‘लीन की मॉइस्ट?’ असे विचारतो. ब्रिस्केटमध्ये एकावर एक असे दोन स्नायू असतात. चपटा भाग म्हणजे लीन, आणि चरबीची जाळी असलेला टोकाकडचा जाड भाग म्हणजे मॉइस्ट. आरोग्याचा विचार करून लीन मागणारे पाहुणे पुष्कळदा कोरडे पडल्याची तक्रार करतात. दोन्हींचा एकेक काप मागावा. सुरी खाली आली की मॉइस्टचा काप कागदावर थरथरतो, वरची काळी मिरपुडीची साल किंचित चुरते आणि कागदावर चरबीचा डाग पसरत जातो.

कापाच्या कडेला दिसणारी गुलाबी पट्टी पाहून ‘हे कच्चे आहे’ म्हणून परत करणे, ही आपल्याकडील माणसांची हमखास होणारी चूक. धुरातील नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावल्यामुळे तो रंग टिकून राहतो. शिजण्याशी त्याचा संबंध नाही. आतून सुमारे 95 अंशांपर्यंत गेल्याशिवाय ब्रिस्केट मऊ होतच नाही.

‘मांस नको’ एवढेच सांगणे

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक चवीपुरती मर्यादित राहत नाही. बीफ न खाणाऱ्यांनी सॉसेज निर्धास्तपणे मागवू नये; बहुतेक सॉसेज बीफचे किंवा बीफ आणि डुकराच्या मांसाच्या मिश्रणाचे असते. टर्की किंवा चिकन हा पर्याय बहुतेक ठिकाणी मिळतो, परंतु ते त्याच भट्टीत शिजते आणि त्याच ठोकळ्यावर कापले जाते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच जाणून घ्यावे. शाकाहारी माणसासाठी अडचण याहून अवघड आहे. राजम्यासारख्या दिसणाऱ्या पिंटो बीन्समध्ये बेकन किंवा ब्रिस्केटचे तुकडे टाकण्याची पद्धत आहे. टाको म्हणजे टॉर्टिया नावाच्या पातळ पोळीत दुमडून दिलेले सारण. टाकोच्या ट्रकवर घोटलेल्या बीन्स अनेकदा डुकराच्या चरबीत परतलेल्या असतात, मैद्याच्या टॉर्टियातही तीच चरबी असू शकते, आणि लालसर भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढेच सांगितले तर विक्रेता प्रामाणिकपणे मांसाचे तुकडे वगळतो. चरबी आणि रस्सा त्याच्या लेखी मांस नव्हे. म्हणून ‘तिएने मान्तेका?’, म्हणजे यात चरबी आहे का, असा नेमका प्रश्न विचारावा. मक्याचा टॉर्टिया आणि त्यावर नोपालेस, म्हणजे निवडुंगाची परतलेली पाने, हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. मात्र तवा सामायिक असतो.

मक्याच्या टॉर्टियाबद्दल एक गंमत: त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्यामुळे त्याला आपल्या मक्याच्या भाकरीपेक्षा वेगळाच वास येतो. ट्रकवर बहुधा दोन टॉर्टिया एकावर एक देतात. वरचा फाटला तर खालचा सावरतो, म्हणून ते सुटे करू नयेत.

नावांवरून अंदाज बांधणे

बार्बेक्यू हा शब्द बार्बाकोआवरून आला असला तरी टेक्सासच्या टाको ट्रकवरील बार्बाकोआ धुरावर शिजवलेला नसतो; ते बहुधा वाफेवर शिजवलेले गाईच्या गालाचे किंवा डोक्याचे मांस असते आणि अनेक ठिकाणी केवळ शनिवार-रविवारी सकाळी मिळते. ‘लेंग्वा’ म्हणजे जीभ, ‘त्रिपास’ म्हणजे आतडी. गोव्याच्या चोरिसाची सवय असलेल्यांनी येथील चोरिसोकडून त्या सुकवलेल्या, आंबट चवीची अपेक्षा ठेवू नये. हे ताजे, कच्चे सॉसेज असते आणि न्याहारीच्या टाकोत ते फोडून अंड्यासोबत परततात. ‘अल पास्तोर’ मागवण्यापूर्वी ट्रकमध्ये मांस भाजणारी उभी फिरणारी सळई आहे का, ते पाहावे. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शवर्म्यातून हा प्रकार निघाला, आणि सळईऐवजी तव्यावर परतलेले डुकराचे मांस त्याच नावाने विकले गेले तर कडेची कुरकुरीत साल मिळत नाही.

टाकोवर घालायची हिरवी साल्सा, म्हणजे चटणी, सौम्य असते, हा समज सोडावा. दुधाळ दिसणारी फिकट हिरवी साल्सा अनेकदा हालापेन्यो मिरच्या तेलात घोटून केलेली असते, तिच्यात दूध नसते आणि ती लाल साल्सेपेक्षा झणझणीत निघू शकते. कोल्हापुरी तिखटाचा अभिमान असला तरी आधी थेंबभर चाखावी. तोंड भाजलेच तर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दह्याने उतार पडतो.

उरलेले गाडीत ठेवणे

ऑस्टिनच्या उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या वर सहज जातो. शिजवलेले मांस बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये असा अमेरिकेत अधिकृत सल्ला आहे, आणि तापमान 32 अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. बर्फाची पेटी सोबत नसेल तर बांधून घेऊ नये. ती असेल, तर कापांऐवजी अखंड तुकडा मागावा. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये तो चामड्यासारखा होतो. त्याऐवजी फॉइलमध्ये चमचाभर पाण्यासह घट्ट गुंडाळून 120 अंशांच्या ओव्हनमध्ये आतपर्यंत गरम करावा, आणि ऐन जेवायच्या वेळी मांसाच्या रेषांना आडवी सुरी चालवून पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप काढावेत.