क्वीन्स गॅम्बिटचा एक्सचेंज प्रकार : दोन प्याद्यांनी तिघांवर चाल

बुद्धिबळात आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याचे उत्तर या क्रमाने डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६ आणि मग सी×डी५, ई×डी५ अशी मारामारी झाली, की क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीचा एक्सचेंज (अदलाबदलीचा) प्रकार सुरू होतो. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) अमेरिकेच्या नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी नमवले ते बर्लिन बचाव या वेगळ्या सुरुवातीतून. पण त्यासाठी लागणारी घरची तयारी जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या आमच्या मुलांना झेपणारी नाही. त्यांना मी हा प्रकार सुचवतो, कारण येथे चाली पाठ करण्यापेक्षा प्याद्यांची रचना ओळखणे अधिक उपयोगी पडते.

वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी काळ्याच्या तिघांसमोर उभी असतात, तरीही पुढे सरकायचे ते पांढऱ्यानेच. उंट जी५, ई३, उंट डी३, वजीर सी२ अशी मांडणी करावी, म्हणजे काळ्याच्या सी८ वरील उंटाला एफ५ वर येऊन अदलाबदल साधता येत नाही. (उंट जी५ ला काळ्याने लगेच घोडा डी७ असे उत्तर दिले, तर डी५ चे प्यादे फुकट दिसते, ते घेऊ नये. घोडा×डी५, घोडा×डी५, उंट×डी८, उंट बी४ शह, आणि आपले एक मोहरे कमी होते.) काळ्याने सी६ खेळून रचना पक्की केली, की घोडा एफ३, किल्लेकोट आणि हत्ती बी१ खेळून बी४-बी५ ची तयारी करावी, ए६ ने बी५ अडवले, तर आधी ए४ करावे. येथे प्यादे जिंकणे हा हेतू नसतो. बी×सी६, बी×सी६ झाल्यावर सी६ चे प्यादे अर्धखुल्या पट्टीवर (जिच्यावर पांढऱ्याचे प्यादे उरलेले नाही) मागे अडकते आणि हत्ती-वजिरांचे कायमचे लक्ष्य बनते. काळ्याने त्याऐवजी सी×बी५ मारले किंवा सी५ रेटले, तरी डी५ एकटे पडते.

घाई मात्र करू नये, कारण खरी अडचण सी४ या घराची आहे. डी७ चा घोडा बी६ वरून तेथे पोहोचू शकत असेल, तर काळा बी४ नंतर स्वतःच बी५ खेळतो आणि घोडा सी४ वर बसवून सी पट्टी बंद करतो. तोच घोडा एफ८ ला गेला असेल, तर पुढे जावे. मात्र ई४ वर येणाऱ्या दुसऱ्या घोड्यावर लक्ष ठेवावे, कारण काळ्याचा रोख थेट आपल्या राजावर असतो.

दुसरी योजना घोडा ई२, एफ३ आणि ई४ ही. तेव्हाचा जगज्जेता बोट्विनिक याने १९५२ मध्ये एस्टोनियाच्या केरेसविरुद्ध मध्यभाग असाच व्यापला. दोन्हींपैकी कोणती निवडायची, हे घोडा एफ३ वर टाकण्यापूर्वीच ठरवावे, कारण तो तेथे बसला की एफ प्याद्याची वाट बंद होते.