आमवात असताना खुबा बदलायचाय? आधीच्या महिन्यात काय काय करायचं

आमच्या आईला आमवात (सांधे सुजवणारा रुमॅटॉइड आर्थरायटिस) वीस वर्षांपासूनचा, दोन वर्षांपूर्वी उजवा खुबा बदलला. ऑपरेशन इतरांसारखंच असतं ओ, पण वाताच्या पेशंटची तयारी वेगळी असते. वाताची बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, आणि नव्या सांध्यात एकदा जंतू शिरले की ते निस्तरणं लई अवघड. म्हणून सगळा जोर आधीच्या महिना-दीड महिन्यावर द्यायचा.

पहिलं काम औषधांचं. हाडाचा डॉक्टर आणि वाताचा डॉक्टर या दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, फोनवर का होईना. आम्हाला एका ठिकाणी सरसकट सांगितलं की वाताच्या सगळ्या गोळ्या बंद करा, आम्ही केल्या, आणि बाराव्या दिवशी आईची बोटं अशी सुजली की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायली, मग तारीखच पुढे ढकलली. खरं तर मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड या गोळ्या साधारणपणे चालूच ठेवतात. थांबवायची ती बायोलॉजिक इंजेक्शनं (वाताची सूज आणणारी प्रतिकारशक्ती नेमकी दाबणारी), तीही हिशोबानं: पुढचा डोस ज्या आठवड्यात येणार, तो डोस न घेता त्याच आठवड्यात ऑपरेशन धरतात. म्हणजे अडालिमुमॅब दर 2 आठवड्यांनी असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या आठवड्यात. टोफासिटिनिबसारखी गोळी 3 दिवस आधी बंद. आणि रोजचं स्टेरॉइड असेल तर ते आपल्या मनानं कधीच तोडू नका. हे सगळं कागदावर तारखांसकट लिहून दोन्ही डॉक्टरांना दाखवा, अंतिम शब्द त्यांचाच.

दुसरं, मानेचा एक्स-रे. खुब्याच्या ऑपरेशनला मान कशाला, असं आम्हालाही वाटलेलं. पण जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, आणि भूल देताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवाल्यांचं (मणके आखडवणारा वात) उलटं, मान-पाठ ताठ, त्यामुळे घशातून श्वासाची नळी घालणं आणि पाठीत भूल देणं दोन्ही अवघड जातं. भूलतज्ज्ञांना आदल्या रात्री नाही, आधीच भेटा.

मग अंगात जंतू कुठं लपलेत ते शोधा. किडलेली दाढ, लघवीचा संसर्ग, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या, सगळं आधी बरं करून घ्या. शुगर आणि हिमोग्लोबिन तपासा. बिडी-सिगारेट बंद, आणि मिसरीसुद्धा, कारण निकोटीननं जखम भरायला वेळ लागतो. आमच्याकडं बायका मिसरीला व्यसन धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरनी विचारलं तर नाही म्हणून मोकळ्या होतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते तारीख घ्यायच्या आधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घराचं बघा. आमचं घर पेठेतलं जुनं, उंबरे उंच, संडास खाली बसायचा. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवली. कॉट आणि खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाणार नाही. सतरंज्या, पायपुसणी उचला. कोल्हापुरी चप्पल काही महिने कपाटात, मागून बंद आणि न घसरणारं पायताण घ्या. बोटं वाकडी असतील तर साधा वॉकर धरता येत नाही, कोपरापासून हात टेकवता येईल असा मिळतो, तो आधीच मागा.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात, घाबरू नका. पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, झोपताना पायांत उशी. किती आठवडे ते सर्जनला विचारा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध मधेच सोडू नका. बायोलॉजिक पुन्हा सुरू करायचं ते टाके निघून जखम कोरडी झाल्यावर, साधारण 2 आठवड्यांनी. जखमेतून पाणी, ताप, पोटरीला सूज, किंवा पाय अचानक आखूड-वाकडा दिसला तर सकाळची वाट न बघता निघा. दम लागला तर एक मिनिट पण थांबू नका.

आणि लग्नकार्यात कुणी पंगतीत खाली बसायचा आग्रह केला तर आधीच खुर्ची मागून घ्या, आई आता स्वतःच मागते.