सर्व्हर फ्रँकफर्टला, स्क्रीन पुण्यात: जीडीपीआरच्या या चुका टाळा

युरोपातल्या कंपन्यांची कामं घेणाऱ्या पुण्यातल्या टीम एक गोष्ट छातीठोकपणे सांगतात: "डेटा फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर आहे, बाहेर जातच नाही." पण हिंजवडीतला सपोर्ट इंजिनिअर रात्रपाळीत लॉगिन करतो आणि जर्मन ग्राहकाचं नाव, पत्ता, तक्रार वाचतो, तेव्हा जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याच्या, लेखी तो डेटा भारतात पोहोचलेला असतो. फाइल कॉपी झाली की नाही, हा प्रश्नच उरत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

यावर सहसा युरोपीय आयोगाची २०२१ची प्रमाणित कलमं (डेटा युरोपाबाहेर पाठवण्यासाठी आयोगाने ठरवून दिलेल्या अटी) करारात घालतात. ती घातली की काम संपलं असं समजणं ही पुढची चूक. मे २०२३मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण नियामकाने फेसबुकवाल्या मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला, तेव्हा मेटाकडेही ही कलमं होतीच. डेटा ज्या देशात जातो तिथल्या सरकारी यंत्रणांचा हात त्या डेटापर्यंत पोहोचू शकतो का, हे आधी तपासून लिहून ठेवावं लागतं.

टेस्टिंगसाठी खऱ्या ग्राहकांचा डेटाबेस उचलून आणणं तर सर्रास चालतं. नावाच्या जागी नंबर टाकले म्हणजे झालं, असं नाही. कोणता नंबर कोणाचा, हा तक्ता जवळ असेल तर तो वैयक्तिक डेटाच. बनावट डेटा तयार करा. दोन दिवस जास्त लागतील, लागू द्यात.

डेटा फुटला तर क्लायंटला कळल्यापासून ७२ तासांत त्याने नियामकाला कळवायचं असतं. त्यात शनिवार-रविवारही धरतात. म्हणून "आधी नीट तपासू, मग सांगू" म्हणत शुक्रवारचा मेल सोमवारवर ढकलू नका. तुम्ही क्लायंटला विनाविलंब कळवायचं, हे कायद्यातच आहे. अर्धीमुर्धी माहितीही चालते, बाकीची मागून देता येते.

संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवू नका. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्येच ती संमती धरली जाणार नाही असं सांगितलं आहे.

आणि एखाद्या ग्राहकाने "माझी माहिती काढून टाका" म्हटलं, तर मुख्य डेटाबेसवर थांबू नका. कोणाच्या तरी लॅपटॉपवर 'फायनल_२' नावाची एक्सेल शीट असते. आधी ती शोधा, कारण उत्तर द्यायला एरवी एकच महिना मिळतो.