उदास विचारें : एक अभंग आठवडाभर कसा वाचावा

तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. रोज दहा वाचले तर सव्वा वर्षात गाथा संपते आणि हाती फार थोडं राहतं. त्यापेक्षा आठवड्याला एकच अभंग घ्या, रोज वीस मिनिटं. सुरुवातीला घरसंसाराशी थेट बोलणारा, पाच-सहा कडव्यांचा बरा. उदाहरणाला हा घेऊ:

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें ।
उदास विचारें वेच करी ॥

पहिल्या दिवशी अर्थाच्या मागे लागू नका. अख्खा अभंग तीनदा मोठ्याने वाचा आणि बोटांवर अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. इथे ‘वेव्हारें’ आणि ‘विचारें’. या मोजणीचा उपयोग लगेच दिसतो. ‘वेव्हारें’ऐवजी आजच्या वळणाचं ‘व्यवहारे’ म्हटलं की त्या चरणात सात अक्षरं होतात आणि जीभ अडखळते. अशी जागा आली की दुसरी छापील प्रत उघडून पाठ ताडून पाहा. मात्र अभंग गाण्यासाठी असतो, त्यामुळे प्रत्येक कमी-जास्त अक्षर म्हणजे छपाईची चूक नव्हे.

पुढचे दोन दिवस शब्दांचे, आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात. अनोळखी शब्द फसवत नाहीत, कारण ते आपण शोधतोच. ‘वेच’ म्हणजे खर्च, हे एकदा पाहिलं की झालं. फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘उदास’ म्हणजे इथे खिन्न नव्हे, तर अलिप्त, पैशाला न चिकटलेला. आजच्या अर्थाने वाचलं तर तुकोबा रडत खर्च करायला सांगतायत असं होईल! पुढे ‘तान्हेल्या जीवन वनामाजी’ येतं. तिथे ‘जीवन’ म्हणजे पाणी, रानात तहानलेल्याला दिलेलं. ‘बहिणी माया’ यातली ‘माया’ म्हणजे आया. ‘वाढवी महत्त्व वडिलांचे’ यातले ‘वडील’ म्हणजे घरातली सगळी थोर माणसं. शेवटच्या कडव्यातला ‘आश्रम’ डोंगरातला नाही, तो गृहस्थाश्रम आहे. म्हणून नियम असा: आपल्याला येतात असं वाटणारे निदान पाच शब्द कोशात पाहायचेच. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. तयार भावार्थ मात्र चौथ्या दिवसापर्यंत उघडू नका. तो आधी वाचला की आपण अभंग वाचत नाही, भावार्थच पुन्हा वाचतो.

चौथ्या दिवशी हे कोण बोलतंय ते पाहा. देहूच्या दुकानदाराच्या घरातला माणूस, ज्याने १६३० च्या दुष्काळात पैसा आणि बायको दोन्ही गमावलं, तो ‘धन जोडावं’ म्हणतो. धन टाकून द्या असं म्हणत नाही. अट दोन्ही टोकांना आहे: मिळवताना उत्तम व्यवहार, खर्चताना अलिप्त विचार. आपण बहुधा एकच टोक सांभाळतो.

मग स्वतःची वही. डाव्या पानावर ओळ, उजव्या पानावर आपला जमाखर्च. ‘मला पटलं’, ‘किती सुंदर’ असली वाक्यं लिहायची नाहीत. गेल्या महिन्यातले तीन खर्च लिहा: एक सहज केलेला, एक हात आखडून केलेला, एक लोकांना दिसावा म्हणून केलेला. तारीख आणि रक्कम घाला. रक्कम लिहिली नाही की मन लगेच पळवाट काढतं. दुसऱ्याचं नाव पानावर आलं, ‘हे आमच्या भावाने वाचायला हवं’ असं वाटलं, तर ते खोडा आणि तीच ओळ स्वतःला लावून पाहा. परनिंदा न जाणणारा माणूस याच अभंगात आहे.

न पटणारी ओळही लिहा. ‘परस्त्रिया सदा बहिणी माया’ हे पुरुषाला उद्देशून आहे. स्त्रीने वाचताना ते खटकू शकतं. तो आक्षेप स्पष्ट शब्दांत नोंदवा, ओळ गाळू नका आणि ओढूनताणून तिचा गोड अर्थही लावू नका.

सातव्या दिवशी अभंग न पाहता लिहून काढा. जिथे शब्द चुकला तिथे बहुतेक वेळा अर्थही निसटलेला असतो. त्या कडव्याचे शब्द पुन्हा कोशात पाहा. चार-पाच जणांनी मिळून वाचत असाल तर प्रत्येकाने एकाच कडव्यावर बोलावं, तेही आधी शब्दांवर आणि मग फक्त स्वतःविषयी.

पुढच्या आठवड्याला ‘जे का रंजले गांजले’ घ्या. तो लहान अभंग आहे: दोन चरण, आठ-आठ अक्षरं, यमक दोन्हींच्या शेवटी. त्यातला ‘आपंगिता’ कोशात पाहायला विसरू नका.